पेटी तीच, खेळ नवा

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने मालवणच्या घरी, पडवीत, व्हिडिओ गेमची उभी पेटी बनवायला घेतली. प्लायवूडचं कपाट, दुकानातून काढून टाकलेला कॉम्प्युटर, एक जॉयस्टिक, सहा बटणं. कॉम्प्युटरचा डबा काढून मदरबोर्ड थेट पेटीत बसवायचा होता. पठ्ठ्याने आत पत्रा ठोकला आणि बोर्ड त्यावर स्क्रूने घट्ट आवळला. बटण दाबलं. पंखा एकदा थरथरला आणि थांबला. बोर्डाच्या पाठीवरची डाखाची टोकं पत्र्याला टेकली होती. नशीब, पॉवर सप्लायने आपणहून वीज तोडली, म्हणून बोर्ड वाचला.

मग पितळेचे छोटे खांब आणले. दुकानदार त्यांना स्टँडऑफ म्हणतो. पत्र्यावर खांब, खांबांवर बोर्ड, मध्ये बोटभर हवा. मागे वरच्या बाजूला पंखा लावला आणि भोकांना जाळी, कारण आमच्याकडे उबेला पाली आणि मुंग्या आधी येतात. खाऱ्या हवेचं तर बोलायलाच नको.

खांब लावताना त्याने विचारलं, "मामू, उद्या दुसऱ्या कंपनीचा बोर्ड आणला तर ही भोकं जुळतील?"

जुळतील. 1995 साली इंटेलने एटीएक्स नावाची मापं ठरवून दिली, त्यात स्क्रूच्या भोकांच्या जागाही आल्या. त्या मापाचा बोर्ड कुणीही बनवो, खांब हलवावे लागत नाहीत.

गेमच्या पेट्यांना ही अक्कल दहा वर्षं आधी आली होती. 1972 चा पाँग, 1978 चा स्पेस इन्व्हेडर्स, 1980 चा पॅकमॅन, प्रत्येकाची वायरिंग वेगळी. खेळ जुना झाला की पेटीची सगळी आतडी बदलायची. 1985 च्या सुमारास जपानमधल्या उत्पादकांच्या संघटनेने, जामाने, 56 टोकांची एकच जोडणी ठरवली. पेटी तीच ठेवायची, जुना बोर्ड उपसायचा, नवा खोचायचा. त्यामुळे खेळ स्वस्त झाले आणि लांबवर पोचले.

आमच्या बाजारातल्या अंधाऱ्या खोलीपर्यंतही पोचले. तिथली पेटी इथल्याच सुताराने केलेली, आतला बोर्ड तेवढा बाहेरचा. त्यावर कॅपकॉमचा 1993 चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' चालायचा. हे नाव आम्ही कधी उच्चारलंच नाही. आमच्यासाठी तो खेळ म्हणजे 'मुस्तफा', कारण त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या गड्याचं नाव मुस्तफा होतं. मुंबईतल्या दंगलींनंतरचे ते दिवस. चाकरमान्यांबरोबर बातम्या गावात यायच्या, घरात मोठी माणसं हळू आवाजात बोलायची. आणि त्या खोलीत सावंतांचा, तांडेलांचा, आमचा, प्रत्येक पोरगा भांडत होता, "मुस्तफा मी घेणार!" अब्बांनी मात्र एकदा कान धरून मला तिथून घरी आणलं. त्यांच्या लेखी तो जुगारच.

अब्बांना मी तेव्हा सांगू शकलो नाही, पण खेळाच्या पेटीचं आपल्या जिल्ह्याशी नातं जुनं आहे. सावंतवाडीची गंजिफा बघा. लाखेने रंगवलेली गोल पानं, ठेवायला तशीच रंगवलेली लाकडी पेटी. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अकबराच्या काळात अबुल फजलने या खेळाचं वर्णन लिहिलं. मोगली गंजिफात आठ रंग, प्रत्येकात एक ते दहा, वजीर आणि मीर अशी बारा पानं, एकूण 96. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा रंग, दहा अवतारांचे. पानं झाली 120. पण एका रंगात बाराच: एक ते दहा, प्रधान आणि राजा. मोगली डावात दिवसा सुर्ख आणि रात्री सफेद रंगाला उतारीचा मान. दशावतारी डावात दिवसा राम, रात्री कृष्ण. बोर्ड बदलला, भोकं जिथल्या तिथे राहिली.

ही कला जवळपास संपली होती. 1970 च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी उरल्यासुरल्या चिताऱ्यांना हाताशी धरून राजवाड्यात ती पुन्हा उभी केली. जुन्या व्हिडिओ गेमच्या बाबतीत ते काम 1997 साली निकोला साल्मोरिया या इटालियनाने सुरू केलं. त्याच्या 'मेम' या प्रोग्रॅममुळे साधा कॉम्प्युटर जुन्या बोर्डाची नक्कल करतो. भाच्याची पेटी त्याच्यावरच चालते.

खांब लावल्यावर पेटी सुरू झाली. शेजारचा पोरगा धावत आला. दोघांनी पडद्यावरची चार माणसं बघितली आणि लगेच भांडण सुरू झालं. कोणासाठी, ते सांगायला नको. अब्बा पडवीतल्या खुर्चीतून बघत होते. या वेळी त्यांनी कोणाचा कान धरला नाही, फक्त म्हणाले, "मगरिबच्या आधी बंद करा."