वाळूच्या कणाचं माप

डेल्फ्टचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेवेनहूक विद्यापीठात शिकलेला नव्हता. १६७४ मध्ये त्याने स्वतः घडवलेल्या भिंगातून रक्तातल्या तांबड्या पेशींचं निरीक्षण केलं. त्या केवढ्या, हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवायचं कसं? मायक्रोमीटर तेव्हा नव्हता. त्याने बारीक वाळूचा कण माप धरला: पेशी त्याचा २५,०००वा भाग.

हा आकडा ऐकून विद्यार्थी कणाच्या रुंदीत २५,००० पेशींची रांग कल्पू लागतो. पण हिशोब घनफळाचा आहे. लांबी, रुंदी, उंचीत प्रत्येकी २९ पेशी रचल्या की एवढ्या होतात. कण ०.२ मिलिमीटरचा धरला, तर पेशी सुमारे ७ मायक्रोमीटर भरते. आजचं मापही जवळपास तेवढंच. म्हणून आकडा सांगण्याआधी मुलांच्या तळहातावर चिमूटभर वाळू ठेवावी.