साक्ष, संहिता आणि समूह : ‘सेव्हन’ या दस्तऐवजी नाटकाचा इतिहासाचे साधन म्हणून विचार

प्रस्तावना :
इतिहासलेखनाची साधने म्हणून दप्तरातील कागदपत्रे, पत्रव्यवहार, शिलालेख व वृत्तपत्रे यांचा विचार परंपरेने होत आला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मौखिक इतिहासास मान्यता मिळाली आणि ज्यांच्या नावे दप्तरी एकही कागद नाही अशा समाजघटकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, साक्षी इतिहासात येऊ लागल्या. मराठीत ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचा ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हा ग्रंथ आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखतींच्या आधारे सिद्ध झाला, हे अभ्यासकांना परिचित आहे. अशा मुलाखतींवरून ग्रंथाऐवजी नाटक तयार झाले, तर त्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने कसे पाहावे? सात देशांतील सात स्त्री कार्यकर्त्यांच्या मुलाखतींवर आधारित ‘सेव्हन’ या इंग्रजी नाटकाच्या अनुषंगाने या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दस्तऐवजी नाटकाची पार्श्वभूमी :
कल्पित कथानकाऐवजी न्यायालयीन कामकाज, बातम्या किंवा मुलाखती यांतील मूळ शब्द रंगमंचावर आणणाऱ्या नाटकास दस्तऐवजी नाटक म्हणता येईल. अमेरिकेत १९३५ ते १९३९ या काळात चाललेल्या फेडरल थिएटर प्रोजेक्टने ‘जिवंत वृत्तपत्र’ हा प्रकार रूढ केला. जर्मन नाटककार पीटर वाइस यांनी फ्रँकफर्ट येथील आउश्वित्झ खटल्याच्या आधारे १९६५ साली ‘द इन्व्हेस्टिगेशन’ हे नाटक रंगमंचावर आणले. न्यूयॉर्कमधील क्राउन हाइट्स येथे १९९१ मध्ये झालेल्या दंगलीनंतर ॲना डेव्हिअर स्मिथ यांनी तेथील लोकांच्या मुलाखती घेतल्या व ‘फायर्स इन द मिरर’ (१९९२) या प्रयोगात त्या सर्वांच्या भूमिका एकटीने केल्या. याच स्मिथ पुढे ‘सेव्हन’च्या सात लेखिकांपैकी एक झाल्या.

‘सेव्हन’ची घडण :
व्हायटल व्हॉइसेस या वॉशिंग्टनस्थित संस्थेशी संबंधित सात स्त्रियांच्या मुलाखती सात नाटककार स्त्रियांनी घेतल्या. पॉला सिझमार यांनी रशियाच्या मरीना पिस्कलाकोवा यांची, कॅथरीन फिलू यांनी कंबोडियाच्या मू सोचुआ यांची, गेल क्रीगल यांनी ग्वाटेमालाच्या अनाबेला दे लिओन यांची, कॅरल मॅक यांनी उत्तर आयर्लंडच्या आयनेझ मॅकॉर्मॅक यांची, रूथ मार्ग्राफ यांनी अफगाणिस्तानच्या फरिदा अझीझी यांची, ॲना डेव्हिअर स्मिथ यांनी नायजेरियाच्या हफसत अबिओला यांची, तर सुझन यँकोविट्झ यांनी पाकिस्तानच्या मुख्तार माई यांची साक्ष शब्दबद्ध केली. जानेवारी २००८ मध्ये न्यूयॉर्क येथे हे नाटक प्रथम सादर झाले. पुढे अनेक देशांत व भाषांत त्याची वाचने झाली. स्वीडनमध्ये ती लोकप्रतिनिधींनी व सार्वजनिक जीवनातील व्यक्तींनी केली. न्यूयॉर्कमधील २०१० च्या एका वाचनात मेरिल स्ट्रीप यांनी मॅकॉर्मॅक यांची भूमिका केली.

लेखिका सात असल्या तरी संहिता एक आहे. सात स्वगते एकापुढे एक मांडलेली नाहीत; ती तोडून परस्परांत गुंफलेली आहेत. एकीच्या कथनातील इतर व्यक्तींचे बोल सोबतच्या अभिनेत्रींच्या तोंडी येतात. नेपथ्य अगदी मोजके असते. या रचनेमुळे नायिका ही कल्पना मागे पडते व स्त्रीनेतृत्वाच्या जडणघडणीची प्रक्रिया प्रेक्षकांसमोर उभी राहते.

नेतृत्वाचा आरंभ :
ही प्रक्रिया पुढील उदाहरणांवरून स्पष्ट होते. पंजाब प्रांतातील मीरवाला या गावी जून २००२ मध्ये पंचायतीच्या निर्णयानुसार मुख्तार माई यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. अक्षरओळख नसल्याने पोलिसांपुढे त्यांना अंगठा उठवावा लागला. मिळालेल्या नुकसानभरपाईच्या रकमेतून त्यांनी गावात मुलींसाठी शाळा काढली. ज्या निरक्षरतेने त्यांना स्वतःचा जबाब वाचता आला नाही, तिच्यावरच त्यांनी हा उपाय योजला. यँकोविट्झ यांनीच पुढे याच विषयावर ‘थंबप्रिंट’ (२०१४) या संगीतिकेची संहिता लिहिली.

मरीना पिस्कलाकोवा यांनी १९९३ मध्ये मॉस्कोत घरगुती हिंसाचाराने पीडित स्त्रियांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. आरंभी फोन घेणाऱ्या त्या एकट्याच होत्या. आयनेझ मॅकॉर्मॅक यांनी धर्मावरून दुभंगलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये सफाई कामगार व अर्धवेळ काम करणाऱ्या स्त्रियांना कामगार संघटनेत आणले. पुढे १९९९ मध्ये आयरिश काँग्रेस ऑफ ट्रेड युनियन्सच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. हफसत अबिओला यांच्या वडिलांनी जिंकलेली १२ जून १९९३ ची नायजेरियातील निवडणूक लष्करी राजवटीने रद्द केली. त्यांच्या आई कुदिरत यांची १९९६ मध्ये हत्या झाली, तर १९९८ मध्ये वडिलांचा कैदेत मृत्यू झाला. आईच्या नावाने त्यांनी लोकशाहीसाठी काम करणारी संस्था उभारली.

या चारही उदाहरणांत आरंभी कोणतेही अधिकारपद नाही. शाळेची खोली, दूरध्वनी, कामाच्या जागेवरील बैठक, आईचे नाव एवढ्याच भांडवलावर कार्य सुरू झालेले दिसते.

संहितेनंतरचा इतिहास :
संहिता २००८ मध्ये थांबली, इतिहास मात्र पुढे चालत राहिला. मुख्तार माई प्रकरणी विशेष न्यायालयाने २००२ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा दिली होती. लाहोर उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांपैकी पाच जणांना निर्दोष ठरविले व सहाव्याची शिक्षा जन्मठेपेवर आणली. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच निर्णय कायम केला. रशियाने २०१७ मध्ये कुटुंबातील मारहाणीचा गंभीर इजा नसलेला पहिला प्रकार फौजदारी गुन्ह्यांतून वगळला. मू सोचुआ १९९८ ते २००४ या काळात कंबोडियाच्या महिला व्यवहार मंत्री होत्या. विरोधी पक्षाच्या नेत्या म्हणून २०१७ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता परत आली व मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या. उलटपक्षी, नायजेरियाने २०१८ मध्ये १२ जून हा लोकशाही दिन म्हणून घोषित केला.

हे नाटक यशोगाथा म्हणून वाचले, तर यांतील बहुतेक घटनांनी ते खोटे पाडले असे म्हणावे लागेल. परंतु साक्ष ही निकालपत्र नसते. विशिष्ट वेळी, विशिष्ट व्यक्तीसमोर सांगितलेला तो अनुभव असतो. २०११ चा निकाल मीरवालाच्या शाळेस रद्द करू शकत नाही. २०१७ चा कायदा १९९३ मध्ये वाजलेला फोन पुसू शकत नाही. म्हणूनच संघर्षाच्या फलश्रुतीसाठी या नाटकाचा आधार घेता येणार नाही. संघर्षाचा आरंभ कसा झाला, यासाठी मात्र ते मोलाचे साधन ठरते.

साधनाच्या मर्यादा :
कोणत्याही साधनाप्रमाणे येथेही चिकित्सा आवश्यक आहे. पहिली गोष्ट, या सात स्त्रियांची निवड एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वर्तुळातून झाली आहे. दुसरी गोष्ट, मुलाखत व प्रयोग यांच्यामध्ये लेखिकेची कात्री आहे. काय गाळले हे प्रेक्षकास कळत नाही. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट, समूहाचे नाटक असूनही या सातजणींच्या मागचा समूह पडद्याआडच राहतो. बेलफास्टच्या ज्या सफाई कामगार स्त्रियांनी संघटनेची वर्गणी भरली, त्या संहितेत मॅकॉर्मॅक यांच्या आठवणीतूनच येतात. त्यांची स्वतंत्र साक्ष कोणी नोंदविलेली नसेल, तर नेतृत्वाचा इतिहास अनुयायांविना लिहिला जाण्याचा धोका संभवतो.

निष्कर्ष :
१) ‘सेव्हन’ हे २००८ पर्यंतच्या साक्षींचे दिनांकित साधन आहे; पुढील घटनांच्या नोंदीसह ते वाचणे अगत्याचे आहे.
२) परस्परांत गुंफलेल्या कथनांमुळे, भिन्न देशांतही नेतृत्वाचा उगम अधिकारपदापूर्वीच्या लहान सामुदायिक कृतीत असल्याचे दिसून येते.
३) साक्ष कोणी घेतली, कोणी संपादित केली व कोणाची घेतलीच गेली नाही, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज दस्तऐवजी नाटकाचा साधन म्हणून वापर करू नये.

आयनेझ मॅकॉर्मॅक यांचे जानेवारी २०१३ मध्ये निधन झाले. त्यांची साक्ष संहितेच्या रूपाने उरली आहे. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या स्त्रियांच्या, आणि आपल्याही परिसरातील अशा असंख्य स्त्रियांच्या, मुलाखती वेळीच नोंदविणे हे इतिहासाच्या अभ्यासकांपुढील तातडीचे कार्य होय.