मॅट्रिकनंतर डॉक्टर

जुन्या दवाखान्यांच्या पाट्यांवर डॉक्टरांच्या नावापुढे ‘एल.सी.पी.एस.’ असे लिहिलेले असे. ही विद्यापीठाची पदवी नव्हे. मॅट्रिकनंतर पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलसारख्या शाळेत साधारण चार वर्षे शिकले, की वैद्यकीचा हा परवाना मिळे. पदवीपेक्षा वेळ कमी लागे आणि खर्चही.

असे डॉक्टर थोडेथोडके नव्हते. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानातले नोंदणीकृत डॉक्टर ४७,५२४ आहेत. त्यांपैकी २९,८७० परवानाधारक, म्हणजे दर आठांत पाच! तरीही समितीने हा मार्ग बंद करून एकाच दर्जाचे, पदवीधर डॉक्टर घडवावेत असे सुचवले. काही सदस्यांनी भिन्न मत नोंदवले. त्याच वर्षी बी. जे.चे महाविद्यालय झाले.

खेड्याला दुय्यम डॉक्टर का द्यावा, हा समितीचा प्रश्न आम्हाला रास्त वाटतो. (परवानाधारकही सगळे खेड्यात गेले नव्हतेच.) पण पदवीधर तिथे जातील, ही आशाही फारशी फळली नाही. २००१ मध्ये छत्तीसगडने तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला, तेव्हा हाच वाद पुन्हा पेटला. काही वर्षांत अभ्यासक्रम बंद पडला. त्यातून शिकलेल्यांना ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले गेले.