न कापता

सप्टेंबर १९७१. पिट्सबर्गजवळच्या न्यू केन्सिंग्टन गावात, एनएमआर स्पेशॅलिटीज नावाच्या छोट्या कंपनीत तुम्ही उभे आहात. तुमची चाहूल कुणालाच लागलेली नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून आलेला लिऑन सारयान हा तरुण संशोधक टेबलाशी वाकलाय. समोर मारलेला उंदीर. यकृताचा तुकडा कापून तो काचेच्या नळीत सरकवतो आणि नळी चुंबकात उतरवतो. मग पुढचा तुकडा. मग त्याच्या पुढचा.

जवळ जा. वास येईल, तरी जा. नळीतल्या मांसात बहुतांश पाणीच आहे आणि त्या पाण्यातल्या हायड्रोजनचं प्रत्येक केंद्रक म्हणजे एक इवलंसं चुंबक. मोठ्या चुंबकात या सगळ्यांचा मिळून एका दिशेला कल होतो. रेडिओलहरींचा ठोका देऊन तो कल उलटवायचा आणि पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मोकळ्या पाण्याचे रेणू इतके भरभर गरगरतात की घेतलेली ऊर्जा त्यांना लवकर सोडता येत नाही. त्यांना दोन सेकंदांहून जास्त लागतात. पेशीतल्या प्रथिनांना लगटून मंदावलेलं पाणी ती झटकन सोडतं. पाणी कुणाच्या संगतीत आहे, ते हा वेळ सांगतो.

(हायड्रोजनला शेजाऱ्यावरून ओळखण्याची याच तंत्रातली दुसरी एक विद्या स्टॅनफर्डमध्ये १९५१ साली इथिल अल्कोहोलवर सिद्ध झाली होती. त्या तिघा संशोधकांपैकी एक, एस. एस. धर्मट्टी, पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे या विषयाची प्रयोगशाळा उभी राहिली.)

सारयान जे पडताळून पाहतोय ते याच कंपनीत वर्षभरापूर्वी रेमंड डमाडियन यांनी मोजलं होतं. मार्च १९७१च्या ‘सायन्स’मध्ये त्यांचे आकडे छापून आले. उंदराचं निरोगी यकृत: सुमारे ०.२९ सेकंद. स्नायू: ०.५४. यकृताची कर्करोगाची गाठ: ०.८३. हे तीन आकडे सावकाश वाचा. सूक्ष्मदर्शक नाही, रंग चढवलेली काचपट्टी नाही, आणि तरीही रोगट मांस निरोग्याहून वेगळं बोलतंय. मला हे आकडे वाचताना अजूनही भरून येतं.

आता कोपऱ्यात पाहा. ते पॉल लॉटरबर. स्टोनी ब्रूकमध्ये रसायनशास्त्र शिकवतात. सध्या अडचणीत आलेल्या या कंपनीचा कारभार पाहतायत. गाठीपेक्षा त्यांना वेगळंच काही खुणावतंय: निरोगी अवयवसुद्धा एकमेकांपासून इतके स्पष्ट वेगळे आहेत! पण त्यासाठी चाललेली कापाकापी त्यांना रुचत नाही. हेच जिवंत शरीराबाहेरून मोजता आलं तर? अडचण एकच. अख्खं शरीर चुंबकात ठेवलं, तर सगळं पाणी एकदम, एकाच सुरात उत्तर देईल. कुठलं उत्तर कुठून आलं, कसं कळावं?

संध्याकाळी त्यांच्या मागोमाग बिग बॉय हॉटेलात शिरा. हॅम्बर्गर खाता खाता त्यांना उत्तर सुचतं. चुंबकाचं बळ सगळीकडे सारखं राखण्यासाठी लोक जिवाचं रान करतात. ते मुद्दाम चढतं ठेवायचं. एका टोकाला कमी, दुसऱ्याला जास्त. मग जागेप्रमाणे सूर बदलेल. पेटी वाजत असताना डोळे मिटले, तरी स्वरावरून बोट कुठे आहे ते कळतं, तसंच. ते लगबगीनं बाहेर पडून वही विकत घेतात आणि लिहायला बसतात.

नंतरची एक रात्र स्टोनी ब्रूकची. दिवसा यंत्र इतर रसायनशास्त्रज्ञांचं, रात्री लॉटरबर यांचं. सगळीकडे सारखं जमवून ठेवलेलं चुंबकाचं बळ ते बिघडवतात, आणि उजाडायच्या आत पुन्हा जमवून ठेवतात. जड पाण्यात साध्या पाण्याच्या दोन बारीक नळ्या. कागदावर दोन धूसर ठिपके. ‘नेचर’नं यावरचा त्यांचा लेख आधी नाकारला, मग मार्च १९७३ मध्ये छापला. या तंत्रासाठी, म्हणजे आजच्या एमआरआयसाठी, २००३ चं नोबेल लॉटरबर आणि त्यावरच काम केलेले पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळालं, डमाडियन यांना नाही. त्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. न्यू केन्सिंग्टनचं ते टेबल पाहून आल्यावर मला त्यांचं दुःख खरं वाटतं, आणि चित्राची कल्पना लॉटरबर यांचीच, हेही.

जाण्याआधी एक नळी पाहून घ्या. तिच्यात एक शिंपला आहे, आपल्या तिसऱ्यांसारखा पण जेमतेम चार मिलिमीटरचा. लॉटरबर यांच्या मुलीनं लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर वेचलेला. नळी चुंबकात उतरते. सूर येतात, आकडे जुळवले जातात, हळूहळू त्याच्या आतलं चित्र उमटतं. शिंपा मिटलेलाच आहे आणि आतला जीव जिवंत.