ओवीची ध्वनिप्रत : माजलगावच्या ध्वनिमुद्रणांच्या निमित्ताने

बीड जिल्ह्यातील माजलगाव हे सिंदफणेच्या काठचे तालुक्याचे गाव. तेथील भीमनगर वस्तीतील काही स्त्रियांच्या तोंडच्या जात्यावरील ओव्या 1996 मध्ये ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनी पुण्यातून चालविलेल्या ओवीसंकलनाच्या मोठ्या प्रकल्पाचा हा एक लहानसा भाग. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई आणि बुद्ध हे या ओव्यांचे विषय. ज्यांच्या हातची रोजनिशी किंवा पत्रे इतिहासकारास सहसा लाभत नाहीत, अशा स्त्रियांचे हे स्वतःचे शब्द आहेत, आणि ते त्यांच्याच आवाजात आहेत. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने या साधनाचे मोल वेगळे सांगावयास नको.

परंतु साधन म्हटले की त्याची प्रत कोणती, हा प्रश्न आलाच. पोथीच्या बाबतीत आपण तो प्रश्न विचारल्यावाचून एक पाऊलही पुढे टाकीत नाही. एकनाथांनी पैठणास शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली तेव्हापासून हा संस्कार मराठी अभ्यासकाच्या अंगी मुरलेला आहे. ध्वनीच्या बाबतीत मात्र आपण अजून निष्काळजी आहोत. विद्यार्थी एखादी ओवी फोनवर ऐकतो, तिच्या स्वरांविषयी दोन पाने लिहितो, आणि आपण ऐकली ती कोणत्या पिढीची प्रत होती, हे सांगण्याचे त्याच्या मनातही येत नाही. मूळ फीत, तिच्यावरून केलेली सीडी, सीडीवरून संगणकावर उतरविलेला ध्वनी आणि त्यापासून तयार केलेली संकुचित फाईल ही चार निरनिराळी साधने आहेत. प्रस्तुत लेखात यांपैकी शेवटच्या पायरीचा, म्हणजे संकोचनाचा, इतिहासाभ्यासाच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

संकोचन ही संगणकाने आणलेली नवी आपत्ती आहे, असे मात्र कोणी समजू नये. फ्रेडरिक गाइसबर्ग यांनी 1902 मध्ये कलकत्त्यास हिंदी गायकांच्या तबकड्या मुद्रित केल्या, तेव्हापासून तीन-साडेतीन मिनिटांच्या मर्यादेत राग बसविण्याची कसरत आपले गवई करीत आले. ओवीवर तर त्याहूनही कठोर संकोचन झाले, आणि ते छापखान्याने केले. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा जो संग्रह केला त्याचे ऋण मोठे आहे. सरोजिनी बाबर यांच्या कार्याचेही तसेच. पण छापील ओवीत चाल नसते आणि श्वास कोठे घेतला तेही नसते. गाताना चरणाच्या मध्येच येणारे ‘गं’, ‘बाई’, एकाच ओळीची दोनदा-तीनदा केलेली आवृत्ती, हे सारे संपादक बहुधा गाळतो. कारण अर्थाला त्याची गरज नाही, असे तो मानतो. काय अनावश्यक हे आधी ठरवावयाचे आणि मग ते टाकावयाचे, ही संकोचनाची रीत अशी फार जुनी आहे.

पॉइटवाँ आणि राईरकर यांच्या प्रकल्पात बर्नार्ड बेल हे संगणकशास्त्र आणि संगीत दोन्ही जाणणारे संशोधक सामील झाले आणि ओव्यांचे अंकीय फितीवर, म्हणजे ज्यास ‘डॅट’ म्हणत तिच्यावर, मुद्रण झाले. एकूण मुद्रण 120 तासांहून अधिक आहे. डॅट फितीत ध्वनीचे सेकंदाला 48,000 किंवा 44,100 नमुने 16 बिटांच्या अचूकतेने नोंदविता येत. हे यंत्र 1987 मध्ये बाजारात आले आणि 2005 मध्ये सोनी कंपनीने त्याचे उत्पादन बंद केले. अवघ्या अठरा वर्षांचे आयुष्य! देवगिरीच्या यादवांचे शिलालेख आजही वाचता येतात; 1996 ची फीत वाचावयास मात्र चालू स्थितीतले यंत्र शोधीत हिंडावे लागते.

म्हणूनच त्या काळी अनेक संग्रहांनी आपल्या फिती सीडीवर उतरविल्या. सीडीचे माप ठरलेले आहे : सेकंदाला 44,100 नमुने, 16 बिट, दोन वाहिन्या, म्हणजे सेकंदाला 14,11,200 बिट. या हिशेबाने एका तासाच्या ध्वनीस सुमारे 635 मेगाबाइट जागा लागते. 120 तासांना सुमारे 76 गिगाबाइट, किंवा 74 मिनिटांच्या 98 सीडी. वैयक्तिक संगणकाची चकती ज्या काळात एक-दोन गिगाबाइटांची असे, त्या काळात हा आकडा छाती दडपविणारा होता. संकोचनाची निकड येथून निर्माण झाली.

सीडीवरील ध्वनी संगणकावर घेणे, ज्यास व्यवहारात सीडी ‘रिप’ करणे म्हणतात, हे काम वाटते तितके यांत्रिक नाही. संगणकाची सामग्री असलेल्या सीडीत प्रत्येक 2,352 बाइटांच्या खंडापैकी 2,048 बाइटच सामग्रीस देऊन उरलेली जागा पत्ता आणि जादा दोषसुधारणा यांसाठी राखून ठेवलेली असते. ध्वनीच्या सीडीत सगळेच्या सगळे 2,352 बाइट ध्वनीला दिलेले आहेत. दोषसुधारणेची एक पातळी तिच्यातही असते. पण ओरखडा त्या पातळीच्या आवाक्याबाहेर गेला की वाचनयंत्र आजूबाजूच्या नमुन्यांवरून मधला नमुना अंदाजाने भरून काढते. लेखनिकाने वाळवीने खाल्लेले अक्षर संदर्भावरून लिहून टाकावे, आणि तसे केल्याची समासात नोंदही करू नये, तसाच हा प्रकार. ऐकणाऱ्याची सोय होते, परंतु अभ्यासकाची फसगत होते. काळजीपूर्वक उतरवून घेणारी साधने संशयित भाग पुनःपुन्हा वाचतात आणि दोन वाचने जुळली तरच तो पाठ स्वीकारतात. हाच पाठचिकित्सेचा पहिला नियम होय.

आता प्रत्यक्ष संकोचनाकडे वळू. एमपीथ्री या नावाने जगभर रूढ झालेली पद्धती मुख्यतः जर्मनीतील एर्लांगेन येथे, कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांच्या परिश्रमांतून सिद्ध झाली. तिचे आंतरराष्ट्रीय मानक 1993 मध्ये प्रसिद्ध झाले. फाईलच्या नावास लावावयाचे ‘एमपीथ्री’ हे शेपूट 1995 च्या जुलैमध्ये ठरले. पद्धतीचे मर्म एका वाक्यात सांगता येईल : मानवी कानास जे ऐकू येत नाही, ते साठविण्याचे कारण नाही. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज झाकला जातो, आणि जवळच्या कंप्रतेचा असेल तर अधिकच झाकला जातो. यास आच्छादन म्हणू. ध्वनीचे 1,152 नमुन्यांचे, म्हणजे सेकंदाच्या सुमारे अडतिसाव्या भागाचे, तुकडे पाडावयाचे. प्रत्येक तुकड्याचे कंप्रतांत पृथक्करण करावयाचे. काय काय झाकले जाईल याचा अंदाज करावयाचा. आणि झाकल्या जाणाऱ्या भागास कमी बिट द्यावयाचे किंवा मुळीच द्यावयाचे नाहीत. सेकंदाला 1,28,000 बिटांची फाईल केली तर ती मूळ सीडीच्या अकराव्या हिश्शाएवढी होते. आमच्या 120 तासांचे सात गिगाबाइटदेखील होत नाहीत.

या शोधाच्या इतिहासातील एक गोष्ट ओवीच्या अभ्यासकाने मुद्दाम ध्यानात ठेवावी. वाद्यवृंद, नगारे, गलका यांवर ही पद्धती बरी चालली. अडली ती एका स्त्रीच्या एकट्या, साथीविना गायिलेल्या आवाजापाशी. सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे वाद्याविना गायिलेले गीत ब्रांडेनबुर्ग यांनी कसोटीस घेतले, तेव्हा प्रारंभीच्या संकोचनाने तो आवाज विद्रूप झाला. कारण असे की, असा आवाज दोन्ही वाहिन्यांत सारखाच असल्याने समोरून, मधून येतो असे वाटते. संकोचनाने शिरलेला खरखराट मात्र दोन्हींकडे निरनिराळा असल्याने बाजूंना पसरतो, आणि मधला आवाज त्याला झाकू शकत नाही. पुढे दोन्ही वाहिन्यांतील समान अंश वेगळा काढून साठविण्याची युक्ती योजिली गेली आणि ही अडचण बरीच दूर झाली. पण पंचाईत कोठे झाली ते पाहा. पहाटे घरातल्या कोपऱ्यात एकटी गाणारी स्त्री हाच तर आपल्या ओवीचा मूळ प्रसंग.

जेथे जाते चालू ठेवून मुद्रण झाले आहे, तेथे प्रश्न आणखी बिकट होतो. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सगळ्या विवेचनाचा गाभा येथेच आहे. जात्याची घरघर खालच्या कंप्रतेची, अखंड आणि जोरकस असते. खालच्या कंप्रतेचा ध्वनी आपल्याहून वरच्या ध्वनीला अधिक झाकतो, हा आच्छादनाचा ज्ञात गुणधर्म आहे. म्हणजे घरघरीच्या वर असलेले आवाजातले बारीक तपशील, उदाहरणार्थ चरणाच्या शेवटी विरत जाणारा स्वर किंवा दोन चरणांमधला श्वास, संकोचन करणारी आज्ञावली ‘ऐकू न येणारे’ म्हणून सोडून देऊ शकते. साध्या श्रोत्याच्या बाबतीत तिचा निर्णय चुकीचा नाही. त्याला ते खरोखरच ऐकू आले नसते. संशोधक मात्र जी पहिली गोष्ट करतो ती ही की, तो घरघर गाळून आवाज वेगळा काढू पाहतो. आच्छादन करणारी वस्तू दूर केली की जे झाकलेले म्हणून टाकले होते ते उघडे पडावयास हवे. आणि ते तर तेथे नाहीच! त्याच्या जागी पोकळी आहे, किंवा पाण्याखालून आल्यासारखा खळखळाट आहे. ‘न ऐकू येणारे’ हे ध्वनीचे अंगभूत लक्षण नव्हे. कोण, कशासाठी ऐकतो त्यावर ते अवलंबून असते, आणि आज्ञावलीने कल्पिलेला श्रोता इतिहासकार नव्हता.

बांगड्यांचेही तेच. खुंटा फिरविणाऱ्या हातातील बांगड्यांचा किणकिणाट हा तीक्ष्ण, क्षणिक ध्वनी. संकोचनातील अशुद्धी संपूर्ण तुकड्यावर पसरत असल्याने किणकिण होण्याच्या आधीच तिची अस्पष्ट सळसळ उमटू शकते. चांगल्या आज्ञावल्या अशा जागी तुकडे लहान करून दोष आवरतात. वाईट आवरीत नाहीत. दळण्याची लय आणि गाण्याची लय यांचा मेळ ज्यास मोजावयाचा आहे, त्याला हा क्षणांशाचा घोटाळाही परवडणारा नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र निराळाच आहे. एमपीथ्री फाईल पुन्हा उलगडून सीडीवर लिहिता येते. अशी सीडी मापाने अस्सल दिसते : तेच 44,100 नमुने, तेच 16 बिट. मधल्या अवस्थेची कोणतीही खूण तिच्यावर नसते. पुष्पिका नसलेली ही पोथी. पुढे कोणी ती उतरवून घेऊन पुन्हा संकोच करील, आणि नकलेच्या नकलेत दोष साठत जातील. बहिःसाक्ष्य नष्ट झाल्यावर अंतःसाक्ष्यावर विसंबावे लागते. कंप्रतांचा आलेख काढला असता 16,000 च्या आसपास वरचा सगळा भाग सुरीने कापल्यासारखा नाहीसा झालेला दिसला, तर मधे संकोचन झाले असावे असा संशय घ्यावा. कॅसेटवरून आलेल्या मुद्रणात वरच्या कंप्रता मुळातच क्षीण असतात; पण त्या हळूहळू मावळतात, एकदम तुटत नाहीत. हा विवेक ठेवावा लागतो.

हे सर्व वाचून कोणास वाटेल की, एमपीथ्रीला हद्दपारच करावे. आमचे मत तसे नाही. माजलगावच्या ओव्यांची सामग्री गुडगाव येथील मानववंशसंगीताच्या संग्रहालयात आणि पुढे फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हांस येथे गेली. अस्सल प्रत सुरक्षित राहिली खरी, पण जिने ती गायिली तिच्या नातीपासून हजारो कोस दूर. 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या जालावरील संग्रहाने या ओव्या प्रसिद्ध करावयास प्रारंभ केला. जालावर ऐकावयाचा ध्वनी सामान्यतः संकुचितच असतो, आणि म्हणूनच तो तालुक्याच्या गावातल्या साध्या फोनवर पोहोचू शकतो. योगायोग असा की, त्याच वर्षी एप्रिलमध्ये एमपीथ्रीच्या स्वामित्वहक्कांचा परवाना देण्याची व्यवस्थाही संपली. मराठवाड्यात मोबाईलच्या दुकानांतून मेमरी कार्डावर गाणी भरून घेण्याची जी रीत पडली, तिने भीमगीते ऊसतोडणीच्या फडापर्यंत नेली. लेखनिकांनी भराभर केलेल्या अशुद्ध प्रतींवाचून आपले संतवाङ्मय तरी घरोघर कसे पोहोचले असते? प्रसाराची प्रत आणि प्रमाण प्रत या दोहोंची आवश्यकता आहे. एकीने दुसरीची जागा घेऊ नये, एवढेच.

आणि आता ती घेण्याचे कारणही उरलेले नाही. 1996 मध्ये न पेलणारे 76 गिगाबाइट आज नखाएवढ्या कार्डावर मावतात. शिवाय 2001 पासून ‘फ्लॅक’ ही हानिरहित संकोचनाची खुली पद्धती उपलब्ध आहे. ती ध्वनीचा आकार साधारण निम्म्याच्या आसपास आणते आणि उलगडल्यावर मूळचा एकही बिट हरवत नाही. मूळ ध्वनीवरून काढलेली एक ओळखसंख्याही तिच्यात नोंदविता येते. तो ध्वनी पुढे एका बिटानेही बदलला तर संख्या जुळत नाही. पोथीला नसलेली अशी पुष्पिका येथे आपोआप मिळते. उलट, एमपीथ्रीपासून फ्लॅक केली तर हरवलेले परत येत नाही. तशी फाईल संग्रहात घेताना तिचे कुळ लिहून ठेवावे.

ज्या विभागांनी लोकसाहित्याची मुद्रणे घरी लिहिलेल्या सीडींवर ठेवली आहेत, त्यांनी मात्र त्वरा केली पाहिजे. अशा सीडीतील रंगद्रव्य उन्हाने आणि काळाने फिके होते, आणि वाचनयंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत. सर्वांत जुनी सीडी प्रथम घ्यावी, ती दोन निरनिराळ्या यंत्रांवर वाचावी, दोन्ही वाचने ताडून पाहावीत. जेथे ती जुळणार नाहीत तेथील मिनिट आणि सेकंद वहीत टिपून ठेवावे, आणि ती वही ध्वनीबरोबरच जतन करावी.