पगार इथला, प्रकाशक पुण्याचा

कोल्हापूरची ओळख सांगताना तांबडा-पांढरा रस्सा, तालमी, चपला आणि सिनेमा यांची नावे आधी येतात, साहित्याचा क्रमांक बराच मागे लागतो. मराठीला पहिले ज्ञानपीठ (1974) मिळाले ते राजारामपुरीत राहणाऱ्या लेखकाला, हे कोल्हापूरकराला सहसा आठवण करून दिल्यावरच आठवते. यात विसरभोळेपणापेक्षा शहराच्या घडणीचा भाग अधिक आहे. लेखकांचे गाव म्हटले की आपल्यासमोर पुण्याचे चित्र उभे राहते. लेखक, प्रकाशकाची कचेरी, छापखाना आणि चहाचे टेबल हे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर, नव्या पुस्तकाची बातमी संध्याकाळच्या गप्पांतच फुटणार. कोल्हापुरात या गोष्टी अशा एकत्र आल्याच नाहीत. लेखक इथे राहिला, पुस्तक दुसरीकडून निघाले आणि हॉटेल वाढले ते तिसऱ्याच लोकांसाठी. तरीही शंभर वर्षांत इथे इतके कथा-कादंबरीकार टिकले, याचे कारण मला प्रकाशनव्यवहारात सापडत नाही, ते पगारात सापडते. कॉलेज, शाळा, स्टुडिओ आणि कोर्ट यांनी लेखक पोसला. त्याचा दिवस कसा जाईल आणि तो कशावर लिहील, हेही बऱ्याच अंशी त्यांनीच ठरवले.

प्रकाशनाचा प्रयत्न इथे झालाच नाही असे नाही, तो लवकर आणि हिमतीने झाला. 1850 साली स्थापन झालेले ग्रंथालय, म्हणजे आजचे करवीर नगर वाचन मंदिर, गावात वाचक तयार करत होते. 1894 साली राजाराम कॉलेजातले प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी ‘ग्रंथमाला’ हे मासिक काढले. अंकागणिक पुस्तकाची पाने छापायची आणि वर्गणीदाराच्या घरात हळूहळू ग्रंथ साठत जायचा, अशी ही योजना. पुढे ‘समर्थ’ साप्ताहिक आणि ‘विश्ववृत्त’ मासिकही आले. पण हा सगळा डोलारा एका माणसाच्या खांद्यावर होता, आणि तो माणूस संस्थानच्या कॉलेजचा पगारदार. वेदोक्ताच्या वादात शाहू महाराज आणि विजापूरकर यांची बाजू एक राहिली नाही. नोकरी सुटली. 1908 साली ‘विश्ववृत्ता’त आलेल्या सातवळेकरांच्या लेखावरून राजद्रोहाचा खटला होऊन विजापूरकरांना तुरुंगवास घडला. त्यानंतर कोल्हापुरात छापखाने राहिले, वर्तमानपत्रे निघाली, 1939 पासून ‘पुढारी’ दैनिक झाला. पण ललित पुस्तकांचा व्यवसाय म्हणावा असे काही रुजले नाही. खटल्याने तो मारला, एवढे म्हणून भागणार नाही. पुण्यातही खटले झाले आणि तिथले प्रकाशन त्यांतून तगले, कारण तिथे एक माणूस गेला तर दुसरा होता, आणि दुसऱ्याला उधारीवर कागद देणारा तिसराही होता.

मग कादंबरीकार आले कशासाठी? ना. सी. फडके 1926 साली आले ते राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला, आणि 1949 पर्यंत राहिले. ‘दौलत’, ‘अटकेपार’ आणि कादंबरीच्या तंत्राचा पाठ देणारे ‘प्रतिभासाधन’ ही पुस्तके याच काळातली. त्याच कॉलेजात काही वर्षे माधव जूलियनही शिकवत होते. म्हणजे 1930 च्या दशकात मराठीतले दोन बडे लेखक एकाच मस्टरवर सही करत होते, आणि ते मस्टर संस्थानचे होते. 1938 साली वि. स. खांडेकर शिरोड्याची मास्तरकी सोडून आले ते मास्टर विनायकांच्या चित्रपटांसाठी. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद महाराष्ट्रभर ज्या दोन नावांनी गाजला, ती दोन्ही माणसे त्यानंतर दशकभर एकाच गावात राहत होती. वाङ्मयेतिहासात हा वाद दोन तत्त्वज्ञानांचा म्हणून येतो, आणि तो तसा होताही. पण दोघांच्या मिळकतीकडे पाहिले तर त्याला आणखी एक बाजू दिसते. फडक्यांच्या घरी दर महिन्याला ठरलेला पगार येत होता. वाचकाचे रंजन हेच कादंबरीचे काम, असे निर्धास्तपणे म्हणायला तो माणूस मोकळा होता. खांडेकरांनी 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेसाठी तुटपुंज्या पैशांत दिवस काढले होते, आणि त्यांच्या कादंबरीत ध्येयवाद आहे तिथे ती शाळाही आहे. पगाराने विचार ठरतो असे मला म्हणायचे नाही. पण त्या विचाराचा सूर पगाराशी अगदीच असंबद्ध नसतो.

सिनेमाचे पारडे मात्र दोन्ही बाजूंनी तोलून पाहायला हवे. बाबूराव पेंटरांनी 1925 साली ‘सावकारी पाश’ केला तो नारायण हरी आपटे यांच्या कथेवर. चित्रपटाला कादंबरीकार लागतो हे कोल्हापूरने फार लवकर ओळखले. हंस पिक्चर्सचा ‘छाया’ (1936) खांडेकरांच्या कथेवर निघाला, त्यानंतर ‘ज्वाला’, ‘देवता’, ‘अमृत’ आले. पुस्तकाच्या आवृत्तीतून जे मिळाले नसते ते पटकथेने दिले. पण बदल्यात काय घेतले? ‘क्रौंचवध’ 1942 चे, त्यानंतरची कादंबरी ‘अश्रू’ 1954 ची. ज्या लेखकाने त्याआधी बारा वर्षांत कादंबऱ्यांची रांग लावली होती, त्याच्या हातून पुढची बारा वर्षे एकही कादंबरी निघाली नाही. प्रकृती आणि काळ यांचाही त्यात वाटा होता, सगळे खापर स्टुडिओवर फोडणे अन्यायाचे होईल. तरी उदरनिर्वाहाचे काम आणि स्वतःचे काम एकाच शाईने लिहायचे असले, की आधी संपते ते स्वतःचे. विनायक मुंबईला गेले, 1947 साली वारलेही. खांडेकर राहिले कोल्हापुरातच, आणि ‘ययाति’ (1959) इथेच झाली. ती छापली मात्र पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने.

इथे एक आक्षेप सरळ येतो. मेहता पब्लिशिंग हाऊस मुळात कोल्हापूरचे आहे. अनिल मेहता यांनी इथे ‘अजब पुस्तकालय’ चालवले, ग्रंथालयांना पुस्तके पुरवली, आणि त्या दुकानदारीतूनच प्रकाशन उभे राहिले. मग कोल्हापुरात प्रकाशन रुजले नाही असे कसे म्हणायचे? आक्षेप खरा आहे, पण त्याची पुढची ओळही खरी आहे: संस्था मोठी झाली ती पुण्यात. प्रभात फिल्म कंपनीने 1929 साली इथे जन्म घेऊन 1933 मध्ये तीच वाट धरली होती. कोल्हापुरात सुरुवात करता येते, भांडवल आणि धाडस दोन्ही मिळते. पण माल राज्यभर पाठवायचा झाला की वितरक, चित्रकार, मुद्रितशोधक, समीक्षक ही सगळी साखळी पुण्या-मुंबईत. शिवाजी सावंत कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात शिक्षक असताना ‘मृत्युंजय’ (1967) आली ती पुण्याच्या कॉन्टिनेंटलकडून, आणि पुढे सावंतही पुण्याला गेले. कागलचे आनंद यादव तर त्याआधीच गेले होते.

आता हॉटेलांकडे. लेखक-प्रकाशकांच्या बैठकीचे हॉटेल इथे का घडले नाही, याचे उत्तर कोल्हापुरातले बाहेरचे खाणे कोणी सुरू केले त्यात आहे. त्यातला सर्वांत मोलाचा प्रसंग साहित्याचा नाही, अस्पृश्यतेचा आहे. पाणवठ्यावरून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढायला मदत केली. त्याचे नाव ‘सत्यसुधारक’. महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेत आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजत. 1919 च्या सुमारास सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या करण्याचे हुकूम निघाले, त्याच धोरणाचे हे कपबशीतले रूप. पुण्याच्या हॉटेलात कोणी कोणावर टीका केली याच्या आठवणी छापल्या जातात. कोल्हापूरच्या हॉटेलात मुळात कोण कोणाच्या हातचे पिणार, हाच प्रश्न होता.

पुढे जे खाणे वाढले ते कामकऱ्यांच्या वेळापत्रकावर. गूळ घेऊन शाहूपुरीत येणारा शेतकरी, तारखेला आलेला पक्षकार, वसतिगृहातली मुले, स्टुडिओतले सुतार-रंगारी, कारखान्यातले कामगार यांना सकाळी पोटभर आणि स्वस्त काहीतरी हवे होते. आजही नामांकित मिसळींचे पत्ते पाहा: एक उद्यमनगरच्या वर्कशॉपांत, एक कुस्तीच्या खासबागेशी. कॉलेजच्या दारात नाही. डिशमध्ये मटकीची उसळ, वर फरसाण, चिरलेला कांदा, लिंबाची फोड. मग तर्रीदार कट, आणि पावाऐवजी ब्रेडचे जाड स्लाईस. कट पुन्हा मागून घ्यायचा, घाम पुसायचा आणि उठायचे, कारण मागे माणूस उभा असतो. तासभर हस्तलिखित वाचून दाखवायची ही जागाच नव्हे! गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळून फेसाळलेले दूध पेल्यात मिळते. तिथेही विषय निघतो तो कुस्तीचा, राजकारणाचा. लेखक या गर्दीत असतो, पण लेखक म्हणून नव्हे. माझ्या मते हा तोटा नाही. आपल्यासारख्याच माणसांत बसून लिहिलेल्या कादंबरीत लेखकच नायक होऊन बसतो. हे दुखणे कोल्हापूरकडच्या लेखनाला फारसे जडले नाही, त्यामागे ही गर्दी असावी.

या मांडणीवरचा सर्वांत अवघड आक्षेप स्त्रियांच्या बाजूने येतो. पगार, स्टुडिओ, कट्टा ही सगळी पुरुषांची जागा. फडक्यांशी विवाह झालेल्या कमला फडके स्वतः लेखिका होत्या. पण गावाने लेखक पोसला असे म्हणताना त्यांच्यासारखीला गावाने काय दिले, हे विचारावेच लागते. मटणाचे अळणी पाणी वेगळे काढून त्यात खसखस, तीळ आणि नारळाचे दूध घालून पांढरा रस्सा करायचा, आणि तांबड्यासाठी वेगळे वाटण वाटायचे, हे काम घरोघर कोण करत होते? बाहेर जाऊन जेवणारा लेखक जसा घडला, तशी जेवण सोडून लिहायला बसणारी लेखिका घडली नाही. हा आक्षेप मला खोडता येत नाही. उलट तो माझ्या म्हणण्याला पुरावाच पुरवतो. नोकरीने लेखक टिकत असेल, तर जिला नोकरी नव्हती तिचे लिहिणे कसे टिकणार?

नोकरीचा हा नियम पुढेही मोडलेला दिसत नाही. बाबा कदम सरकारी वकील होते. कोर्टातली माणसे त्यांच्या कादंबऱ्यांतून भाड्याच्या वाचनालयांत पोचली, आणि समीक्षकांनी त्यांना दारात उभे केले नाही म्हणून वाचकांचे काही अडले नाही. राजन गवस गारगोटीला प्राध्यापकी करत देवदासी-जोगत्यांच्या जगात शिरले. कोवाडचे रणजित देसाई अपवाद वाटतात, पण त्यांच्या मागे नोकरी नसली तरी शेतीवाडी होती. ‘रिंगाण’साठी 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले कृष्णात खोत शिक्षक. आणि हद्दीपलीकडे निपाणीत महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत कथा लिहीत राहिले. दळण घेऊन येणाऱ्या बायका आणि तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका त्यांच्या गोष्टींत आल्या, त्यांच्यासाठी त्यांना निपाणी सोडावी लागली नाही.