गावनकाशांचा सांधा : उचगाव परिसराच्या निमित्ताने

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघाले की उचगाव लागते आणि थोड्याच अंतरावर चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र, सुरू होतो. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी ही दोन्ही बाजूंची गावे बेळगाव जिल्ह्यातच होती. राज्यपुनर्रचनेत चंदगड वगळून उरलेला जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. माणसांची विभागणी सर्वांना ठाऊक आहे. नकाशांच्या विभागणीकडे मात्र इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. हाताने काढलेल्या गावनकाशांच्या प्रती स्कॅन करून त्यांचा एक मोठा संगणकीय नकाशा करू लागल्यावर ती ठळकपणे पुढे येते.

मुंबई इलाख्यातील महसुली मोजणीला विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी शिस्त लावली. 1840 च्या दशकात हे काम दक्षिण मराठा मुलखात पोहोचले व 1847 च्या संयुक्त अहवालाने त्याचे नियम पक्के झाले. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे; साखळीभर लांब व साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रत्येक सर्व्हे नंबरचे टिपण निघे आणि त्यात बांधांची मापे आकड्यांत लिहिली जात. गावनकाशा बहुधा एका मैलास आठ इंच या प्रमाणाचा असे. हेतू साराआकारणीचा होता, त्यामुळे प्रत्येक गाव स्वतंत्र कागदावर बसले. शेजारच्या गावाच्या कागदाशी आपली शीव जुळते की नाही, हे पाहण्याची निकड आकारणी करणाऱ्याला क्वचितच भासली असेल. त्यात बेळगावलगतचे शहापूर सांगली संस्थानचे. अशा गावांचे दप्तरच निराळे.

या प्रमाणात कागदावरील अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर सुमारे 13 फूट रुंद ठरते. इंचाला 300 ठिपके या दराने स्कॅन केल्यास एक ठिपका सव्वादोन फुटांहून थोडा कमी भरतो. म्हणजे संगणकावरचे चित्र मूळ लेखणीपेक्षा बारीक दिसते, आणि फसगत नेमकी येथेच होते. कागद शंभरात एक भाग आखडला तर क्षेत्रफळ शंभरात दोन भागांनी घटते. मग दोन शेजारी नकाशांत कोठे फट पडते, कोठे एकाच्या शिवेवर दुसऱ्याची शीव चढते. विहीर, देऊळ, मशीद, तिन्ही गावांच्या शिवा मिळतात तेथील दगड अशा ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन नकाशा जागेवर बसवता येतो. हे योग्यच आहे. पण कडा जुळाव्यात म्हणून प्रतिमा रबरासारखी ताणली, तर चित्र सुबक होते आणि आकारबंदातील क्षेत्राशी त्याचा मेळ तुटतो. त्यापेक्षा टिपणातील आकड्यांवरून आकृती नव्याने रचणे अधिक विश्वसनीय. मात्र हे काम वेळखाऊ आहे.

दोन-तीन गुंठ्यांच्या कब्रस्तानाच्या किंवा दर्ग्याच्या जागेला 13 फुटांचा फरक लहान नसतो, कारण गुंठ्याची बाजूच 33 फूट. सांधलेल्या नकाशावरून अशी जागा मोजून हक्क सांगणे वा नाकारणे धोक्याचे आहे.

राज्यांच्या हद्दीवर अडचण दुहेरी होते. कर्नाटकातील उताऱ्यात एकर-गुंठे चालू राहिले. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले. कर्नाटकाच्या ‘भूमी’ प्रकल्पाने 2000 नंतरच्या काही वर्षांत उतारे संगणकावर आणले, पण ते शब्दांचे आणि आकड्यांचे काम होते; नकाशे मागे राहिले. चंदगडच्या बाजूचे कागद महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख खात्याकडे आणि अलीकडचे बेळगावकडे. गावांच्या नावांनीही गोंधळ होतो. कोल्हापूरला लागून करवीर तालुक्यात दुसरे एक उचगाव आहे. केवळ नावावरून सूची केली तर दोन्ही एकाच खणात पडतात.

यासाठी मूळ स्कॅन प्रती अस्पर्श ठेवून सांधलेला नकाशा वेगळा जपणे, प्रत्येक तुकड्यावर गाव, तालुका, जिल्हा आणि प्रमाण यांची नोंद करणे, आणि जेथे दोन शिवा जुळत नाहीत तेथील फट रंगाने भरून न काढता तशीच पांढरी सोडणे इष्ट ठरते. उचगावच्या पश्चिमेकडील फटींपैकी कोणती एकोणिसाव्या शतकातील साखळीमुळे पडली, कोणती कागद आखडल्यामुळे आणि कोणती 1956 नंतरच्या फेरमोजणीमुळे, हे त्या पांढऱ्या पट्ट्यांवर दोन्ही बाजूंची टिपणे ठेवूनच तपासता येते.